यादी एक, नमुने अनेक: आयओएस ॲपमध्ये मिश्र जेसन उतरवताना

आमच्या ॲपची होम स्क्रीन म्हणजे एक लांबलचक यादी. लेख, व्हिडिओ, फोटोंच्या मालिका, मध्येच एखादी मतचाचणी आणि अधूनमधून जाहिरातीची जागा. सगळं सर्व्हरच्या एकाच पत्त्यावरून (एंडपॉइंट), जेसन या मजकुरी स्वरूपात, एकाच ॲरेमध्ये म्हणजे यादीत येतं. जानेवारीत ठरलं की या स्क्रीनचा जुना कोड काढून सगळं स्विफ्ट या भाषेतल्या कोडेबलवर, म्हणजे जेसनमधून ठरलेल्या टाइपची मूल्यं काढून देणाऱ्या सोयीवर, आणायचं, आणि ते काम माझ्याकडे आलं. मार्च संपता संपता ते हातावेगळं झालं. दरम्यान मला हवी होती ती उत्तरं सापडली, पण तुकड्यातुकड्यांनी आणि भलत्याच ठिकाणी. ज्यांच्या वाट्याला असंच काम आलंय त्यांना ती एका जागी मिळावीत म्हणून हे लिहितेय.

आधी जुना कोड कसा होता ते सांगते, कारण पुढचा घोळ त्यावरूनच समजतो. तो जेसनसीरियलायझेशनवर उभा होता. हा क्लास आयओएस ५ पासून, म्हणजे २०११ पासून आहे. तो जेसनची डिक्शनरी (नाव-मूल्य जोड्यांचा संच) करून हातात देतो, पण आत काय निघेल याची हमी देत नाही. प्रत्येक ठिकाणी आपणच विचारायचं, ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, आहे का? नसेल तर जाऊ दे. आमच्या कोडमध्ये असे 'जाऊ दे' जागोजागी होते. शिवाय त्यातले आकडे एनएसनंबर म्हणून येतात आणि तो फार समजूतदार असतो: सर्व्हरने १ किंवा ० पाठवला तरी बूलियन (खरं किंवा खोटं) म्हणून खपून जातो. कोडेबल आलं २०१७ मध्ये, स्विफ्ट ४ बरोबर, आणि त्याचा स्वभाव नेमका उलटा. बूलियन म्हटलंय ना, मग ट्रू किंवा फॉल्सच हवं. १ आला की टाइप मिसमॅच, म्हणजे टाइप न जुळल्याचा एरर, विषय संपला. म्हणजे आम्ही कोड बदलायला घेतला तेव्हा सर्व्हरवर नवीन काहीच बिघडलेलं नव्हतं. इतकी वर्षं जे गुपचूप पोटात घातलं जात होतं, ते पहिल्यांदाच बाहेर पडत होतं.

सुरुवात सोपी वाटली. एक रिस्पॉन्स घेतला आणि क्विकटाइपला दिला. नमुन्याच्या जेसनवरून स्ट्रक्ट (कुठली फील्ड कुठल्या टाइपची याचा साचा) लिहून देणारं हे मोफत साधन आहे. सगळ्यात बाहेरच्या टाइपला ते आपलं 'वेलकम' असं नाव देऊन टाकतं, ते आधी बदला. आणि खरा रिस्पॉन्स वेब पेजवर चिकटवू नका, त्यात वापरकर्त्यांची माहिती असू शकते. हेच साधन कमांड लाइनवरही चालतं. मिळालेल्या कोडमध्ये लेखकाच्या जागी एक एनम, म्हणजे ठरावीक पर्यायांपैकी एक धरणारा टाइप, होता: एकतर स्ट्रिंग, नाहीतर क्लास. आधी हसू आलं, मग पोटात गोळा. माझ्या नमुन्यात योगायोगाने दोन्ही प्रकार होते म्हणून हे कळलं. नमुन्यात नव्हतं ते कसं कळणार?

ते पहिल्याच रनला कळलं. स्क्रीन कोरी, आणि लॉगमध्ये एकच वाक्य: माहिती योग्य स्वरूपात नसल्यामुळे वाचता आली नाही. हे वाक्य वाचून कुणाचंही भलं होत नाही. नव्याने शिकणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगेन, की एररचं लोकलाइज्ड डिस्क्रिप्शन छापू नका, एररच छापा. डिकोडिंगएररचे चार प्रकार आहेत: टाइप जुळला नाही, 'की' (फील्डचं नाव) सापडली नाही, व्हॅल्यू नल (काहीच नाही) निघाली, किंवा डेटाच खराब आहे. प्रत्येकाबरोबर कोडिंग पाथ, म्हणजे चुकीच्या जागेचा पत्ता, येतो. 'आयटम्स, इंडेक्स १४, ऑथर' असा पत्ता दिसला की अर्धं काम झालं, पंधराव्या घटकातल्या लेखकाकडे जायचं.

पण डिकोडर (जेसन वाचून आपले टाइप भरणारा कोड) पहिल्याच अडथळ्याला थांबतो. एक चूक दुरुस्त केली की पुढची दिसते, ती केली की त्यापुढची. सकाळभर हे केल्यावर लक्षात आलं की अशाने यादी कधी पुरी होणार नाही. मग उलट्या बाजूने सुरुवात केली. जेक्यू नावाचं कमांड लाइनवरचं साधन आहे आणि त्यात टाइप नावाचाच एक फिल्टर आहे. एखादं फील्ड घ्यायचं, प्रत्येक घटकात त्याचा टाइप काय ते छापायचं, सॉर्ट करून मोजायचं. आठवडाभराचे साठवलेले रिस्पॉन्स त्यातून काढले आणि एकेका फील्डची खरी कुंडली समोर आली. मॉडेल लिहिण्याआधीच हे करायला हवं, असं मी आता कुणीही विचारलं तर सांगते.

लेखकाच्या जागी कुठे नुसतं नाव, कुठे ऑब्जेक्ट (नाव-मूल्य जोड्या) आणि काही जुन्या लेखांत चक्क नावांचा ॲरे. वाचायला लागणारा वेळ कुठे आकडा, कुठे अवतरणचिन्हांत बसलेला आकडा. सशुल्क आहे की नाही हे कधी ट्रू-फॉल्स, कधी १-०, आणि व्हिडिओंमध्ये 'येस'. मुखचित्र नसेल तर नल नव्हे, फॉल्स. जादा तपशील असला तर ऑब्जेक्ट, नसला तर रिकामा ॲरे. लिंक नसेल तर रिकामी स्ट्रिंग. हे शेवटचं दिसायला निरुपद्रवी आहे, पण स्विफ्टमध्ये फील्डचा टाइप यूआरएल ठेवलात तर रिकाम्या स्ट्रिंगवर डिकोडर एरर फेकतो. एका लेखाची लिंक रिकामी म्हणून सगळी होम स्क्रीन कोरी.

फील्ड ऑप्शनल (मूल्य नसलं तरी चालेल असं) केलं की सुटलं, असं बरेच जण म्हणतात. सुटत नाही. ऑप्शनलसाठी जी डिकोड-इफ-प्रेझेंट पद्धत वापरली जाते ती फील्ड नसेल किंवा नल असेल तरच निल (स्विफ्टमधलं 'काहीच नाही') देते. फील्ड आहे पण भलत्याच टाइपचं आहे, तर एरर ठरलेलाच.

ही यादी घेऊन सर्व्हर टीमकडे गेले. तिथे रीतसर बदल-विनंती भरावी लागते: फील्डचं नाव, आत्ताची उदाहरणं, हवा असलेला आकार, कुठल्या ॲप आवृत्त्यांवर परिणाम होईल, पर्यायी उपाय काय. ती पंधरवड्याच्या बैठकीत ठेवली जाते. पहिल्या बैठकीत माझी विनंती परत आली, कारण मी सगळी फील्ड एकाच अर्जात कोंबली होती. त्यांना प्रत्येक फील्डचा वेगळा अर्ज हवा होता. तेव्हा वैताग आला. पण वेगवेगळे केल्यावर सोपी फील्ड पटापट पुढे सरकली आणि वादाचं एकच मागे उरलं. तुमच्याकडे अशी पद्धत नसेल तरी सुटी सुटीच विनंती करा.

त्या चर्चांमधून मला कारणं कळली, आणि ती कळल्यावर राग बराच उतरला. रिकामा ॲरे येतो कारण त्यांचं बॅकएंड पीएचपी या भाषेत आहे. पीएचपीत यादी आणि डिक्शनरी दोन्हींसाठी ॲरे हा एकच प्रकार असतो. तो रिकामा असताना जेसन एन्कोड करणाऱ्या फंक्शनला आत काय असायला हवं होतं ते कळायला मार्ग नसतो, मग ते चौकोनी कंस देऊन मोकळं होतं. दुरुस्ती एका शब्दाची आहे, एन्कोड करण्याआधी ऑब्जेक्टमध्ये कास्ट (रूपांतर) करायचं. मुखचित्राच्या जागी फॉल्स येतो कारण ज्या फंक्शनने चित्र शोधायचं ते न सापडल्यास फॉल्स परत देतं आणि मध्ये कुणी त्याचा नल केला नाही.

आयडी स्ट्रिंगमध्ये का पाठवता, असंही मी विचारलं होतं. तिथे मात्र त्यांचंच बरोबर निघालं. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ पर्यंतच बिनचूक राहतात. २०१७ च्या आरएफसी ८२५९ या जेसनच्या मानकातही हीच मर्यादा सांगितली आहे. ट्विटरने २०१० मध्ये आयडी लांबले तेव्हा आकड्याच्या जोडीला स्ट्रिंगमधला आयडी द्यायला सुरुवात केली, ती याच कारणाने. शिवाय जेसनमध्ये आकड्याच्या पुढे शून्य लावता येत नाही, म्हणजे शून्याने सुरू होणारा कुठलाही क्रमांक आकडा म्हणून पाठवला तर ते शून्य जातंच. तेव्हापासून माझा नियम: ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा नाही. आमच्या ऑब्जेक्टमध्ये आयडी कायम स्ट्रिंग. सर्व्हरवरून आकडा आला तर आत घेताना त्याची स्ट्रिंग करायची.

दुसऱ्या बैठकीत रिकामा ॲरे आणि फॉल्स ही दोन दुखणी मार्गी लागली. लेखकाचं फील्ड अडलं. "ते आत्ता बदलता येणार नाही, जुन्या आवृत्त्या अजून तेच वाचतायत," असं तिथल्या ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितलं, आणि खरंच, जुन्या आवृत्त्यांतला आमचाच कोड त्या तिन्ही आकारांवर विसंबून होता. म्हणजे सर्व्हर सुधारला तरी ॲपमध्ये सोशीकपणा ठेवायलाच हवा होता.

इथून खरं कोडिंग. करता करता माझ्या लक्षात आलं की 'मिश्र जेसन' नावाखाली आपण तीन निरनिराळी दुखणी एकत्र बांधतो, आणि प्रत्येकाला औषध वेगळं.

पहिलं, एकच मूल्य पण टाइप बदलता. आकडा किंवा आकड्याची स्ट्रिंग. यासाठी सिंगल व्हॅल्यू कंटेनर (डिकोडरकडून एकच मूल्य वाचायची सोय) घ्यायचा आणि एकेक टाइप करून पाहायचा. क्रम महत्त्वाचा: आधी बूलियन, मग इंट (पूर्णांक), मग डबल (दशांश संख्या), शेवटी स्ट्रिंग. डबल इंटच्या आधी ठेवलात तर ७ चा ७.० होतो आणि स्क्रीनवर '७.० मिनिटं' दिसतं. प्रत्येक फसलेला प्रयत्न एक एरर तयार करून फेकतो, ते फुकट होत नाही; म्हणून सगळं चालवून घेणारा एक 'काहीही' टाइप करून तो सगळीकडे लावू नका. जिथे आकडाच हवाय तिथे दोनच शक्यता तपासा.

हा कोड प्रत्येक स्ट्रक्टमध्ये पुन्हा लिहायला नको म्हणून मी प्रॉपर्टी रॅपर (फील्डवर चढवायचं, तोच कोड पुन्हा वापरू देणारं वेष्टण) केला. त्यात एक खाच आहे. रॅपर लावलेलं फील्ड आतून ऑप्शनल असलं तरी आपोआप तयार होणारा कोड त्यासाठी साधी डिकोड पद्धत वापरतो, डिकोड-इफ-प्रेझेंट नव्हे. फील्ड जेसनमध्ये नसलं की 'की सापडली नाही' म्हणून सगळं कोसळतं. उपाय म्हणजे कीड डिकोडिंग कंटेनरला (जो नावावरून फील्ड वाचतो) एक्स्टेंशन, म्हणजे जोड-कोड, लिहून त्या रॅपरसाठी स्वतःची डिकोड पद्धत द्यायची. एवढं एक कुणीतरी आधी सांगितलं असतं तर एक संध्याकाळ वाचली असती.

दुसरं दुखणं, आकारच बदलता. लेखकाचं फील्ड. इथे मी एनम बाहेर दिसू दिला नाही. ॲपच्या बाकी कोडला लेखकांची यादी मिळते, बस. नुसतं नाव आलं तर एका लेखकाची यादी, ऑब्जेक्ट आला तरी एकाचीच, ॲरे आला तर तितक्यांची. तीन आकारांची भानगड डिकोडिंगच्या उंबरठ्यावरच मिटते. उलट, एनम तसाच आत सोडला तर प्रत्येक स्क्रीनवर स्विच लिहीत बसावं लागतं, आणि क्विकटाइपने दिलेल्या कोडबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे.

तिसरं, मुळात वेगवेगळ्या वस्तूंची यादी. इथे मात्र एनमच हवा, कारण लेख आणि मतचाचणी या खरोखरच वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक केसमध्ये आपापलं स्ट्रक्ट. आधी टाइपचं फील्ड वाचायचं, त्यावर स्विच, मग योग्य ते स्ट्रक्ट. मी बराच वेळ अडकले ते इथे: टाइप वाचून झाल्यावर तोच घटक परत पहिल्यापासून कसा वाचायचा? उत्तर साधं आहे. तोच डिकोडर स्ट्रक्टच्या इनिटला (स्ट्रक्ट तयार करणाऱ्या कोडला) जसाच्या तसा द्यायचा. एकाच डिकोडरकडून कंटेनर कितीही वेळा मागता येतो, आधी वाचलं म्हणून काही संपून जात नाही.

अनोळखी टाइप आला तर? एनममध्ये 'अननोन' केस ठेवा आणि तिच्यात टाइपचं नाव साठवा. ही केस नसेल तर सर्व्हरने नवीन प्रकार सुरू केला त्या दिवशी ज्यांनी ॲप अपडेट केलं नाही त्या सगळ्यांची स्क्रीन कोरी होते.

ओळखीच्या टाइपचाच एखादा घटक खराब निघाला तर सुक्याबरोबर ओलं जळू नये, म्हणून ॲरे घटकाघटकाने वाचायचा. बऱ्याच उदाहरणांत इथे अनकीड कंटेनरवर (जो ॲरेतले घटक क्रमाने वाचतो) लूप असतो: शेवट येईपर्यंत डिकोड कर, एरर आला तर सोडून दे. हा लूप तसाच उचलू नका. डिकोड फसलं की कंटेनरचा इंडेक्स पुढे सरकत नाही. तोच खराब घटक पुन्हा, पुन्हा, पुन्हा. ॲप क्रॅशही होत नाही, नुसतं गोठतं. त्यापेक्षा एक छोटं वेष्टण-स्ट्रक्ट लिहा, ज्याचं इनिट कधीच एरर फेकत नाही. आतला घटक वाचता आला तर ठेवतं, नाही आला तर निल आणि एररची नोंद. मग अशा वेष्टणांचा ॲरे नेहमीसारखा डिकोड करायचा आणि निल गाळायचे.

गाळण्याने पुढे एक प्रश्न उभा राहतो, जो डिकोडिंगच्या कुठल्याच उदाहरणात नसतो. आमची यादी पानापानाने येते. पुढचं पान कुठून मागायचं हे जर हातात उरलेल्या घटकांवरून मोजलं, तर गाळलेल्यांइतका हिशेब चुकतो आणि काही लेख दोनदा दिसतात. एखाद्या पानावरचं सगळंच गाळलं गेलं तर यादी संपली असं समजून ॲप पुढे मागतच नाही. म्हणून मूळ ॲरेची लांबी वेगळी साठवा आणि पानांचा हिशेब तिच्यावर करा.

तारखांचं प्रकरण फेब्रुवारीत निघालं. लेखांत आयएसओ ८६०१ या तारखेच्या मानकातली स्ट्रिंग, व्हिडिओंत युनिक्स सेकंद, म्हणजे १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद. जेसनडिकोडरला काहीच सांगितलं नाही तर तो आकडा १ जानेवारी २००१ पासूनचे सेकंद म्हणून वाचतो, १९७० पासूनचे नव्हे. एरर येत नाही. सगळे व्हिडिओ फक्त ३१ वर्षं पुढे जातात आणि यादीत सगळ्यात वर येऊन बसतात. चाचणीत कुणीतरी म्हणालं, व्हिडिओच व्हिडिओ का दिसतायत, तेव्हा उलगडलं. दोन्ही रूपं हाताळण्यासाठी तारखेची कस्टम स्ट्रॅटेजी लिहिली: स्ट्रिंग असेल तर ती, आकडा असेल तर १९७० पासून.

कोड रिव्ह्यूमध्ये सहकाऱ्याने रास्त शंका काढली: सगळंच चालवून घेतलं तर जुन्या कोडमध्ये आणि यात फरक काय? त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठरवलं ते असं, की आयडी, टाइप आणि शीर्षक यांत तडजोड नाही, ती नसतील तर घटक बाद. बाकी फील्ड चुकली तर रिकामी. आणि काहीही गाळलं किंवा वळवून घेतलं की कोडिंग पाथसह नोंद सर्व्हरकडे गेलीच पाहिजे. मूल्य नव्हे, फक्त पाथ आणि अपेक्षित टाइप, कारण मूल्यात खासगी माहिती असू शकते. डीबग बिल्डमध्ये (आम्ही स्वतः वापरतो त्या चाचणीच्या ॲपमध्ये) तर मी अशा ठिकाणी ॲप थांबवतेच, म्हणजे आमच्यापैकी कुणाला ते नजरेआड करता येत नाही.

टेस्टसाठी जेक्यूने काढलेले विचित्र घटक एकेका फाइलमध्ये ठेवले. फाइलचं नाव म्हणजे तक्रार: 'लेखक ॲरे', 'लिंक रिकामी', 'अनोळखी टाइप'. शिवाय फोनवर साठवलेल्या जुन्या कॅशचा एक नमुना, कारण अपडेटनंतर पहिल्यांदा उघडताना ॲप तोच वाचतं. कॅशमध्ये आता आम्ही आपले ऑब्जेक्ट नाही, सर्व्हरचा मूळ जेसनच ठेवतो. ऑब्जेक्ट ठेवले तर आज अनोळखी म्हणून टाकलेला घटक उद्या नव्या आवृत्तीला ओळखता आला असता, पण तो कॅशमध्ये उरलेलाच नसतो.

मार्चच्या मध्यावर टेस्टफ्लाइटवर, म्हणजे ॲपलच्या चाचणी-वितरणाच्या सोयीवर, बिल्ड गेलं. नंतर रिलीज टप्प्याटप्प्याने केलं. ॲप स्टोअरची ही सोय सात दिवसांची असते: आपोआप अपडेट घेणाऱ्यांपैकी पहिल्या दिवशी १ टक्का, मग २, ५, १०, २०, ५० आणि शेवटी १००. मध्ये थांबवता येतं, एकूण ३० दिवसांपर्यंत. पण ज्याने स्वतः स्टोअरमध्ये जाऊन अपडेट दाबलं त्याला पहिल्या दिवशीही मिळतंच, हे धरून चाला. ते दिवस मी दर सकाळी आधी गाळलेल्या घटकांची नोंद उघडायचे. ५ टक्क्यांच्या दिवशी एक नवीन पाथ दिसला: मतचाचणीतल्या पर्यायांची मतसंख्या, जी एक हजाराच्या वर गेली की स्वल्पविरामासह स्ट्रिंग व्हायची. आमच्या चाचणीच्या सर्व्हरवर कुठल्याच मतचाचणीला इतकी मतं नव्हती. स्क्रीनवर ती संख्या रिकामी दिसत होती, बाकी यादी शाबूत. रिलीज थांबवलं नाही. अर्ज भरला, एकाच फील्डचा, आणि पुढच्या बैठकीत तो मंजूर झाला.

एप्रिलमध्ये सर्व्हरवर थेट प्रक्षेपणाचा नवा प्रकार सुरू झाला. नव्या आवृत्तीने तो 'अननोन' म्हणून सोडून दिला. लेखकाच्या फील्डचा अर्ज अजून उघडाच आहे. जुन्या आवृत्त्या वापरणारे पुरेसे कमी झाले की ॲरेचा आकार बंद करू असं लेखी मिळालंय, तारीख मिळालेली नाही.